एकशे एकोणतीस नावांची वही

१

बुधवारी सकाळी नऊ वाजता हवालदारबाईंनी चौकीच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि हात दारावर तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. वरच्या कप्प्यात काळ्या कापडी बांधणीच्या तीन वह्या असायच्या. आज दोनच होत्या. आवक-जावक जागेवर होती, हरवलं-सापडलंही होती. गेल्या वर्षीच्या तक्रारींची वही नव्हती.

त्यांनी खालचे कप्पे पाहिले, टेबलाचे खण पाहिले, वाकून खुर्चीखालीसुद्धा पाहिलं. मग पेलाभर पाणी प्यायल्या आणि मुख्यालयाला फोन लावला.

एरवी एखादी वही दिवसभर सापडली नसती तरी आकाश कोसळलं नसतं. पण शुक्रवारी शाळेच्या सभागृहात समितीची बैठक होती. गेल्या वर्षी या चौकीत एकशे एकोणतीस तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, आदल्या वर्षी एकेचाळीस. वर्तमानपत्राने 'गुन्हे तिप्पट' असा मोठा मथळा दिला, आणि एवढंसं ठाणं काही कामाचं नाही, ते बंद करून हा भाग हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या ठाण्याला जोडून टाका, असं वरच्यांचं मत व्हायला लागलं. त्याचा निकाल शुक्रवारी लागणार होता.

अकरा वाजता मुख्यालयातून जो माणूस आला तो तपास खात्यातला नव्हताच. तो आकडेवारी विभागातला होता. सत्तावन्न वर्षांचा, एका गुडघ्याने अधू. सगळं खातं त्याला आकडेसाहेब म्हणायचं. वरिष्ठ त्याला म्हणाले होते, "वही हरवलीय, माणूस नाही. तुम्हीच जा. वह्यांचं तुम्हाला कळतं."

"शुक्रवारी वही टेबलावर हवी," आकडेसाहेब आल्या आल्या म्हणाले. त्यांचा आवाज खोलीच्या मानाने फारच मोठा होता. "नागरिकांना चाळता आली पाहिजे. काल दुपारी पत्र मिळालं ना? आज भिंतीवर लावायची सूचनाही आणलीय." त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या कागदाच्या गुंडाळीवर थाप मारली.

"पत्र मिळालं," हवालदारबाई म्हणाल्या. एवढंच. बसा म्हणाल्या नाहीत.

कपाटाला ओरखडा नव्हता. कुलूप किल्लीने उघडलं होतं. एक किल्ली बाईंच्या कमरेला असायची, दुसरी आरशामागच्या खिळ्याला, आणि ते आत येणाऱ्या कोणालाही माहीत होतं. रात्री आठला चौकी बंद व्हायची. पुढच्या दाराला आतून अडणा होता आणि तो सकाळी जागेवर होता. म्हणजे जे कोणी आलं ते गल्लीत उघडणाऱ्या मागच्या दाराने.

"मागच्या दाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?"

"माझ्याकडे. इमारतीच्या सेक्रेटरींकडे, कारण जागा त्यांच्या सोसायटीची आहे. हे कुलूप बसवलं समोरच्या कुलूपवाल्यानं. आणि इस्त्रीवाल्या मावशींकडे. त्यांचं दुकान गल्लीत दाराला लागूनच आहे. पाणी सात वाजता येतं आणि नळ आत आहे, म्हणून त्या सकाळी दार उघडून बादली भरतात."

आकडेसाहेब कपाटासमोर चष्मा वर-खाली करत राहिले. दोन वह्यांच्या शेजारी, रिकाम्या जागेवर, एक जाडजूड पिवळी फाईल होती. तिच्या दोरीची नीट गाठ मारलेली होती.

"ही कसली?"

"महिन्याचा गोषवारा. तक्रारींच्या बेरजा. ती वहीच्या वरच असते, दोन्ही एकदम काढायला बरं पडतं."

"सकाळपासून तुम्ही तिला हात लावलात?"

"नाही."

आकडेसाहेबांनी चष्मा काढला. वहीच्या वर फाईल होती. ज्याने वही नेली त्याने आधी फाईल उचलली होती, ती हातात धरली होती, आणि वही काढून झाल्यावर परत जागेवर ठेवली होती.

ती त्याला नको होती.

२

सेक्रेटरींचं कार्यालय तळमजल्यावर जिन्याखाली होतं. एक टेबल, सहा रबरी शिक्के, आणि भिंतीवर टाईप केलेल्या अकरा सूचना. त्यातली सर्वांत वरची 'भिंतीवर काही चिकटवू नये' अशी होती.

"वही गेली ते एक बरं झालं," सेक्रेटरी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? जळून गेली असती तर सगळ्या इमारतीला मी चहा पाजला असता. तीस वर्षं राहतोय इथं. हा भाग वाईट नाही हो. पण आमचे दोन फ्लॅट वर्षभर पडून आहेत. लोक बघायला येतात, खिडकीतून झाडं बघून खूश होतात, आणि घरी जाऊन पेपर वाचतात. की संपलं."

"म्हणजे आकडा बाहेर येऊ नये असं तुम्हाला वाटतं."

"कोणाला वाटेल? आता शुक्रवारी तुम्ही माईकवर उभे राहून तो पुन्हा वाचणार. एकशे एकोणतीस. नाव खराब व्हायला एक दिवस लागतो साहेब, सुधारायला पिढी जाते."

"मंगळवारी संध्याकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत कुठं होतात?"

"घरी. सुनेला विचारा. नातवाचं गणित घेत होतो, त्याच्यापेक्षा मलाच जास्त रडू आलं."

"आणि चौकीच्या मागच्या दाराची किल्ली?"

"ही काय." सेक्रेटरींनी खिशातून मोठा जुडगा काढला. गच्ची, पंपघर, मीटरची खोली, असं पुटपुटत ते एकेक किल्ली सरकवू लागले. शेवटपर्यंत पोचले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"नाहीये," ते म्हणाले.

३

किल्ली सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. रस्त्यापलीकडे कुलूपवाल्याच्या टपरीत, स्क्रूच्या डब्यात ती होती.

"यांनीच दिली सोमवारी," कुलूपवाला सेक्रेटरींकडे बोट दाखवत म्हणाला. "दोन दात झिजलेत, नवी करून दे म्हणाले. आणि विसरले. यांचं डोकं कुलूप लावल्यासारखं बंद असतं, पण किल्ली कुठं ते यांनाच ठाऊक नसतं."

सेक्रेटरी किल्ली घेऊन गेले.

"म्हणजे सोमवारपासून ती तुमच्याकडे होती," आकडेसाहेब म्हणाले.

"मला किल्ली कशाला लागते साहेब? कुलपं उघडणं हाच माझा धंदा आहे." त्याने कानस खाली ठेवली. "पण मी वही का नेईन ते सांगा. पेपरात तो मथळा आला त्या आठवड्यात मी जेवढी कुलपं विकली तेवढी वर्षात विकली नव्हती. भीतीवर माझं पोट चालतं, लपवून काय करू? शुक्रवारी तुम्ही आकडा मोठ्यानं वाचा, माझी काही हरकत नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "खरं सांगू का, चोरी झालेलं दार दुरुस्त करायला म्हणून मात्र या वर्षी फार कमी लोकांनी बोलावलं. मलाही नवल वाटतंय."

आकडेसाहेबांनी ते खिशातल्या टिपणवहीत लिहून घेतलं.

इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान म्हणजे तीन पत्र्याच्या भिंती आणि एक भलं मोठं टेबल. टेबलावर घोंगड्यांचे थर, त्यावर पांढरी चादर. भिंतीला लागून गाठोडी रचलेली, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. मावशी पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पण मनगटं गड्यासारखी. एक दुहेरी पलंगपोस टेबलाच्या डाव्या टोकाला घेऊन त्या इस्त्री करत होत्या. तो दर वेळी खाली घसरत होता, त्या खांद्याने सावरत होत्या. टेबलाचा उजवा अर्धा भाग मोकळा पडला होता.

"मी सातला आले, बादली भरली, दार लावलं, निघाले," त्या इस्त्री न थांबवता म्हणाल्या. "कपाटाकडे बघायला मला वेळ कुठं."

"चौकीत तुमचं येणं-जाणं बरंच असेल."

"शेजार आहे."

"बाईंबद्दल काय मत आहे?"

आता इस्त्री थांबली. "या बाई यायच्या आधी चौकी काय आणि बंद दुकान काय, सारखंच होतं. आता माणूस आत जातो. त्यांच्यावर बालंट येऊ देऊ नका."

"वही सापडली नाही तर येणारच. तुम्हाला काय वाटतं, का नेली असेल कोणी?"

"मला काय वाटायचं? शुक्रवारी टेबलावर चाळायला वही नसली तर लोक रिकाम्या हातानं घरी जातील. त्यानं कोणाचं बिघडतं?" त्यांनी पलंगपोस पुन्हा खांद्यावर घेतला.

आकडेसाहेब आभार मानून निघाले. चौकीच्या दर्शनी भिंतीपाशी येऊन त्यांनी पिशवीतून सूचनेची गुंडाळी काढली, उलगडली आणि वाचली. 'गत वर्षाची तक्रार नोंदवही बैठकीच्या वेळी नागरिकांच्या पाहणीसाठी टेबलावर खुली ठेवण्यात येईल.'

त्यांचा चिकटपट्टीचा हात हवेतच राहिला. सेक्रेटरी म्हणाले होते की तुम्ही आकडा माईकवर वाचणार. कुलूपवालाही तेच म्हणाला होता. वही टेबलावर चाळायला ठेवणार, ही गोष्ट ज्या कागदावर होती तो अजून त्यांच्या हातात होता.

४

त्यांनी सूचना लावली नाही. गुंडाळून परत पिशवीत घातली आणि आत येऊन पिवळी फाईल मागितली.

मुख्यालयाच्या तक्त्यात एकच रकाना होता. एकूण तक्रारी. तो तक्ता त्यांनीच आखला होता, पंधरा वर्षांपूर्वी. हवालदारबाईंच्या फाईलमध्ये मात्र हाताने आखलेले रकाने होते. आकडेसाहेब खिडकीशी बसून पानं उलटत गेले. चहा आला तो गार झाला. चार वाजता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आदल्या वर्षी चोऱ्या, घरफोड्या, रस्त्यातली हिसकाहिसकी मिळून चौतीस," ते म्हणाले. "गेल्या वर्षी बावीस."

"हो."

"कमी झाल्यात."

"बारा कमी. मी तसं लिहून पाठवलं होतं. तुमच्या तक्त्यात जागा नव्हती."

"घरातला त्रास. मारहाण, कोंडून ठेवणं, धमक्या. आदल्या वर्षी तीन." त्यांनी घसा साफ केला. "गेल्या वर्षी एकशे चार."

हवालदारबाई पहिल्यांदाच त्यांच्या समोर येऊन बसल्या. "साहेब, त्या एकशे चार गेल्या वर्षी सुरू झालेल्या नाहीत. काही वीस-वीस वर्षांच्या आहेत. सांगायला गेल्या वर्षी सुरुवात झाली, एवढंच."

बाहेर कुलूपवाल्याची कानस चालू होती.

"मी साधा हिशोब मांडतो," आकडेसाहेब शेवटी म्हणाले. "सेक्रेटरींना आकडा लपवायचा आहे. त्यांनी चोरी केली असती तर ही फाईल आधी नेली असती, आकडे सगळे हिच्यात आहेत. कुलूपवाल्याला आकडा मिरवायचा आहे, त्यानं काहीच नेलं नसतं. ज्यानं वही नेली त्यानं फाईल हातात घेतली आणि परत ठेवली. त्याला आकड्यांचं सोयरसुतक नाही. फाईलमध्ये नाही आणि वहीत आहे अशी एकच गोष्ट आहे. नावं." ते थांबले. "वही टेबलावर खुली ठेवणार हे तुम्ही कोणाला सांगितलं?"

"कोणालाही नाही. पत्र साडेचारला आलं. पावणेसहाला मी तुमच्या विभागात फोन केला, इथूनच, मागच्या खोलीतून. म्हटलं, वहीत माणसांची नावं-पत्ते आहेत, मी त्यांना शब्द दिलाय, एवढं एक वाक्य वगळा. तर उत्तर मिळालं की मजकूर छापील आहे, सगळ्या चौक्यांना सारखाच जातो, बदलता येत नाही."

"कोण होतं फोनवर?"

हवालदारबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आवाज मी आज पहिल्याच वाक्याला ओळखला, साहेब. तुमचा आवाज असा आहे की फोन कानापासून लांब धरावा लागतो. आणि उकडत होतं म्हणून मागचं दार उघडं होतं."

५

आकडेसाहेबांना तो फोन आठवत होता, पण धूसर. घरी जायची वेळ झाली होती. कानाला फोन लावून ते टेबल आवरत होते. 'मजकूर छापील आहे' हे त्या दिवसातलं कितवं उत्तर होतं कोण जाणे. पलीकडची बाई काय सांगते आहे हे त्यांनी ऐकलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते शाळेत गेले, शिपायाकडून सभागृहातल्या लांब टेबलाची चादर मागून घेतली आणि इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात येऊन उभे राहिले.

"उद्याच्या बैठकीची आहे," ते म्हणाले. या वेळी हळू. "पूर्ण पसरून इस्त्री करून द्या. घडीची रेघ दिसायला नको."

मावशींनी चादर हातात घेतली. टेबलाकडे बघितलं. डाव्या टोकाला ती मावणार नव्हती.

"उद्या सकाळी देते."

"आत्ताच हवी आहे."

मावशींनी इस्त्री उचलली, बाजूला उभी ठेवली आणि बटण बंद केलं. "काल तुम्ही टेबलाकडे बघत होता तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"शाई तापली तर फिसकटते," आकडेसाहेब म्हणाले. "म्हणून तुम्ही त्या बाजूला इस्त्री नेत नाही. तुम्ही वहीला जपलंत. नुसती नाहीशी करायची असती तर बंबात घालायला किती वेळ लागला असता?"

"का जाळू? बाईंनी एकेक अक्षर जपून लिहिलंय." मावशींनी उजवीकडची घोंगडी उचलली. तिच्याखाली, जुन्या साडीत गुंडाळलेली, काळी वही होती. "सकाळी पाणी भरायला गेले. आरशामागून किल्ली घेतली. वही बादलीवर ठेवली, वर ओला टॉवेल टाकला. बाईंना यातलं काही माहीत नाही. त्यांनी कालपासून मला चार वेळा विचारलं, मी चार वेळा खोटं बोलले. त्याचंच वाईट वाटतंय, बाकी कशाचं नाही."

"तुमचं नाव आहे यात?"

"पहिलंच. तीन जानेवारी. ते तुम्ही खुशाल चौकात ओरडून सांगा. माझा नवरा आता पुन्हा या गल्लीत पाऊल टाकत नाही, बाईंनी तशी तजवीज केली. पण नंतर ज्या आल्या त्या माझ्या भरवशावर आल्या. घरातून बाई बाहेर पडली की कुठं चाललीस म्हणून विचारतात. इस्त्रीला म्हटलं की कोणी विचारत नाही. गाठोडं माझ्याकडे ठेवायचं, मागच्या दारानं आत जायचं, पंधरा मिनिटं बोलायचं, गाठोडं उचलून घरी. एकशे तीन जणी, साहेब. मी प्रत्येकीला सांगितलंय, तुझं नाव या कपाटाबाहेर जाणार नाही. आणि मंगळवारी फोनमधून तुमचा आवाज आला. तुम्ही टेबलावर वही ठेवली असती, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पहिला येऊन पान उघडून बघणार होता. संध्याकाळी घरी जाऊन त्यानं काय केलं असतं ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?"

आकडेसाहेब बाकावर बसले. गुडघा चोळत राहिले.

"मी मोठ्यानं बोलतो, कारण माझी थोरली बहीण माझ्याकडे राहते," ते म्हणाले. "तिला एका कानानं ऐकू येत नाही. लग्नानंतर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एका वर्षी त्या भागात एकूण पाच गुन्हे नोंदले गेले. पाचही सायकलचोऱ्या. सर्वांत सुरक्षित भाग म्हणून त्या चौकीला शाबासकीचं पत्र गेलं. ते मी टाईप केलं होतं. त्याच वर्षी ताईचा कान गेला. नळावर पाय घसरला म्हणाली. मीही ते ऐकून घेतलं."

मावशींनी कोपऱ्यातल्या तांब्यातून पाणी ओतून पेला त्यांच्यासमोर ठेवला.

"आता तुम्ही मला आत टाकणार का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"आता मी फोन करणार आहे. तुम्ही ती वही तिच्या जागी ठेवून या. बाईंच्या हातात द्या, आणि एकदा खरं बोला."

फोन त्यांनी गल्लीतच उभं राहून केला. वरिष्ठांनी विचारलं, "सापडला का चोर?"

"वही सापडली. ती हलवावी लागली, कारण आपल्या पत्रात एक घातक वाक्य होतं. ते मी लिहिलेलं आहे. ते आजच सगळ्या चौक्यांच्या पत्रांतून काढतोय आणि अहवालात तसं माझ्या सहीनं लिहितोय. उद्या वही टेबलावर ठेवली जाणार नाही. गोषवारा मी वाचेन."

"अहो, पण नेली कोणी? नाव सांगा."

"ज्या माणसानं नावं राखली, त्याचं नाव मी कसं सांगू?"

वरिष्ठ म्हणाले, "उद्या समितीनं मला विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवीन."

"दाखवा," आकडेसाहेब म्हणाले.

६

शुक्रवारी सभागृह भरलं. टेबलावर चादर होती, एकही सुरकुती नसलेली, आणि तिच्यावर पिवळी फाईल. आकडेसाहेब उठले. माईक त्यांनी बाजूला सरकवला. त्याची गरज नव्हती.

चोऱ्या चौतीसवरून बावीसवर आल्या हे त्यांनी आधी सांगितलं. सभेत कुजबुज झाली. कुलूपवाला मागून म्हणाला, "मेलो. साहेबांनी माझा धंदा बसवला," आणि लोक हसले. मग त्यांनी दुसरा आकडा वाचला आणि हसू विरलं.

सेक्रेटरी वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन उभे राहिले. "म्हणजे घरातले प्रकार वाढले, असंच ना? एका वर्षात तिनाचे एकशे चार?"

"नाही. तेवढेच होते. कदाचित जास्तच. आपल्याला माहीत नव्हते."

"मग आधीची वर्षं?"

"आधीच्या वर्षांत हा भाग शांत नव्हता, मुका होता. तुमच्या शेजारच्या दोन चौक्यांना मी काल फोन करून विचारलं, तिथं गेल्या वर्षी घरातल्या त्रासाच्या तक्रारी शून्य आहेत. मी पंधरा वर्षं असल्या भागांच्या लहान बेरजांवर समाधानाची खूण करत आलो. मला विचाराल तर काळजी त्या भागांची करायला हवी. इथं निदान माणसाला सांगायला दार आहे. ते बंद केलंत तर पुढच्या वर्षी इथलाही आकडा सुंदर दिसेल."

समितीच्या अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. सेक्रेटरी अजून उभेच होते. त्यांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली.

"आमच्या इमारतीतल्या किती आहेत यात?" त्यांनी विचारलं.

हवालदारबाई खुर्चीत ताठ झाल्या. तिसऱ्या रांगेतल्या दोन बायकांनी मान वळवली नाही, पण त्यांचे हात मांडीवर थांबले.

"ते मी सांगणार नाही," आकडेसाहेब म्हणाले.

सेक्रेटरी त्यांच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं ज्या इमारतीच्या प्रत्येक नळाचा आणि प्रत्येक दिव्याचा त्यांनी हिशोब ठेवला होता तिची सगळी दारं जणू त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "सांगू नका." आणि खाली बसले. मग बसल्या जागेवरूनच, "जिन्याखालची माझी खोली दुपारची मोकळीच असते. बाईंना माणसांशी बोलायला वेगळी जागा हवी असेल तर आहे. सूचना वगैरे मी काढून टाकीन."

समितीने तासभर चर्चा केली. चौकी राहील, एक महिला शिपाई आणखी मिळेल आणि मुख्यालयाचा तक्ता बदलेल, असं ठरलं. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी याची बातमी आतल्या पानावर, चार ओळींत आली.

७

नवा तक्ता आकडेसाहेबांनी स्वतः आखला. सात रकाने केले. आखून झाल्यावर तो हवालदारबाईंकडे पाठवला आणि काही राहिलं असेल तर सांगा, असं खाली हाताने लिहिलं. चार दिवसांनी तो परत आला. बाईंनी शेवटी आठवा रकाना जोडला होता आणि त्याला नाव मावशींनी दिलं आहे, असं कळवलं होतं. 'पुन्हा येऊन सांगून गेली की आता बरं आहे.'

विभागातला तरुण कारकून म्हणाला, "साहेब, हे काही सरकारी वाक्य वाटत नाही."

"छापा तसंच," आकडेसाहेब म्हणाले.

तीन महिन्यांनी पहिला तक्ता भरून आला. चोऱ्या चार. घरातल्या त्रासाच्या तक्रारी छत्तीस, म्हणजे आधीपेक्षाही जास्त. वरिष्ठांनी तो कागद हातात घेऊन कपाळाला आठ्या घातल्या तेव्हा आकडेसाहेबांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

तिथे एकोणीस लिहिलं होतं.

संध्याकाळी तो कागद ते घरी घेऊन गेले. ताई गॅलरीत बसली होती. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून त्यांनी तो तिला पहिल्या रकान्यापासून वाचून दाखवला. ताईने सगळं ऐकलं. मग हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा लावला आणि शेवटचा आकडा स्वतः वाचला.